हर्रान : विरघळलेल्या गावाची कादंबरी

प्रास्ताविक

अरबी द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, जेथे वाळवंट थेट समुद्राला जाऊन मिळते, तेथे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मासेमारीवर आणि मोत्यांच्या व्यवहारावर जगणाऱ्या लहान लहान वस्त्या होत्या. आज ज्यांची नावे तेलाच्या संदर्भात जगभर घेतली जातात त्या दम्माम आणि अल-खोबर या वस्त्या १९२३ मध्ये बहारीनहून आलेल्या दवासिर जमातीच्या लोकांनी वसविल्या. २९ मे १९३३ रोजी सौदी राजाने स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या अमेरिकन कंपनीशी तेलशोधाचा करार केला. मार्च १९३८ मध्ये दम्माम येथील सातव्या विहिरीला व्यापारी प्रमाणात तेल लागले. १ मे १९३९ रोजी रास तनुरा येथून तेलाचे पहिले जहाज रवाना झाले. करारापासून जहाजापर्यंत अवघी सहा वर्षे. एवढ्या अवधीत एका किनाऱ्याचे जीवन मुळापासून बदलून गेले. या बदलाची नोंद कंपनीच्या अहवालांत, मुत्सद्द्यांच्या पत्रव्यवहारात आणि अर्थशास्त्राच्या ग्रंथांत विपुल आहे. ज्यांच्या अंगणात हे घडले त्यांच्या बाजूने ही कथा प्रथम मोठ्या आवाक्याने सांगितली ती अब्दुर्रहमान मुनीफ यांच्या ‘मुदुन अल-मिल्ह’, म्हणजे ‘मिठाची शहरे’, या कादंबरीपंचकाने.

या पंचकाचा ‘अत-तीह’ हा पहिला खंड १९८४ मध्ये प्रकाशित झाला. ‘तीह’ म्हणजे वाट हरवून भटकण्याचा निर्जन प्रदेश. पीटर थेरू यांनी १९८७ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला, आणि पंचकाचेच नाव या एका खंडाला मिळाले. पुढील दोन खंडही इंग्रजीत आले. तथापि भारतीय विद्यापीठांत ‘मिठाची शहरे’ म्हणून जी कादंबरी वाचली व शिकविली जाते ती प्राधान्याने हा पहिला खंडच होय. प्रस्तुत लेखात याच खंडातील हर्रान या लहानशा किनारी गावाचा आणि त्याच्या परिसराचा विचार केला आहे. या कादंबरीला ठळक नायक नाही, म्हणून ती कादंबरी म्हणून उणी ठरते, असा एक आक्षेप तिच्यावर आरंभापासून घेतला गेला. तो आक्षेप हर्रानकडे पाहून तपासावयाचा आहे.

लेखक आणि त्याचा विषय

मुनीफ यांचा जन्म १९३३ मध्ये, म्हणजे वर उल्लेखिलेला करार झाला त्याच वर्षी, अम्मान येथे झाला. वडील नज्द प्रांतातील व्यापारी, आजोळ इराकचे. बगदाद व कैरो येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी बेलग्रेड येथून तेलाच्या अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. १९६३ मध्ये राजकीय मतांमुळे त्यांचे सौदी नागरिकत्व काढून घेण्यात आले. सीरियातील तेल खात्यात त्यांनी नोकरी केली, बगदादमध्ये ‘तेल आणि विकास’ या नियतकालिकाचे संपादन केले. २००४ मध्ये दमास्कस येथे त्यांचे निधन झाले. हा तपशील चरित्राच्या हौसेपोटी दिलेला नाही. तेलाच्या पिंपाचा भाव, कंपनीचा हिस्सा, सरकारचा हिस्सा ही आकडेमोड ज्याला तोंडपाठ होती अशा माणसाने जी कादंबरी लिहिली तिच्यात आकडे जवळजवळ नाहीत. जे नाही त्याकडेही समीक्षेने पाहावयास हवे. कंपनीचे नाव नाही. सुलतानाचा देश ‘मूरान’ या कल्पित नावाने वावरतो. वर्षांचे उल्लेख तुरळक आहेत. हर्रान हे गावही नकाशावर सापडत नाही. अरबी आखाताच्या किनाऱ्यावरील धहरान, रास तनुरा, दम्माम या स्थळांच्या आठवणी त्याच्यात मिसळलेल्या आहेत. सौदी अरेबियात या पंचकावर बंदी आली. नावे बदलूनही वाचणाऱ्यांना सर्व ओळखू आले, याचाच तो पुरावा मानावा लागेल.

ओॲसिसमधून किनाऱ्याकडे

कादंबरीचा आरंभ हर्रानमध्ये होत नाही. तो आतल्या वाळवंटातील वादी अल-उयून, म्हणजे झऱ्यांची दरी, या हिरव्यागार स्थळी होतो. रखरखीत प्रदेशात अचानक खजुरीची वने, वाहते पाणी, मुक्कामाला येणारे तांडे. मितेब अल-हथाल हा तेथील मानी गृहस्थ. त्याच्या पूर्वजांनी तुर्कांशी झुंज दिलेली. अमेरिकन येतात ते पाण्याचा शोध घेण्याच्या निमित्ताने. इब्न रशीद त्यांचे आदरातिथ्य करतो, मितेबला मात्र त्यांचा पहिल्या दिवसापासून संशय येतो. लोक अमीराकडे तक्रार घेऊन जातात. जमिनीखाली संपत्तीचे सागर आहेत आणि हे लोक ते वर काढून देण्यासाठी आले आहेत, असे सांगून त्यांची बोळवण होते. पुढे यंत्रे खजुरीची झाडे पाडतात. मितेब हे पाहून आपल्या उंटिणीवर स्वार होतो आणि वाळवंटात निघून जातो. त्याच्या पत्नीची, वद्हाची, वाचा बसते. कुटुंब विखुरते. मुलगा फवाझ काही काळाने मजुरीच्या शोधात समुद्रकिनारी हर्रानला पोहोचतो आणि त्याच्याबरोबर कादंबरीही किनाऱ्यावर येते.

वादी अल-उयूनची ही पाने वाचकांना विशेष प्रिय आहेत. विस्थापनाचे असे चित्रण मराठी वाचकाला अपरिचित नाही. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणाखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत हेच दुःख मांडते. तरीही असे नोंदवावे लागते की मुनीफ यांच्या लेखनातील सर्वांत सुंदर पाने ती त्यांच्या विचाराची सर्वांत सोपी पानेही आहेत. झऱ्यांच्या दरीत भांडणे, दुष्काळ, ऋण, विषमता यांचा स्पर्श फार हलका आहे. झाडे कोसळण्यापूर्वीचे जग एखाद्या हरवलेल्या नंदनवनासारखे उभे केले की त्याचा नाश हृदयद्रावक होतो, पण तो समजत नाही. मुनीफ यांची खरी ताकद हर्रानमध्ये दिसते, कारण हर्रान कधीच नंदनवन नव्हते.

गाव जे स्थिर नव्हते

तेल येण्यापूर्वीचे हर्रान हे थोड्या घरांचे, असह्य उकाड्याचे, पाण्याची चणचण असलेले गाव आहे. पावसाची वाट पाहावी लागते, तांड्यांची वाट पाहावी लागते. पुरुष प्रवासाला जातात, वर्षानुवर्षे परतत नाहीत, आणि परतल्यावर दूरदेशीच्या गोष्टी सांगतात. गावाची रीत ही अशी जाण्या-येण्याची आहे. या साध्या वाटणाऱ्या तपशिलात या खंडाचे मर्म आहे.

आधुनिकीकरणाची जी कथा पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते तिच्यात गाव स्थिर, निद्रिस्त असते आणि उद्योग येऊन त्याला गती देतो. मुनीफ यांनी चित्र नेमके उलटे काढले आहे. हर्रानचे आणि वादीचे लोक फिरते आहेत. त्यांना वाटा, तारे, विहिरी, वारे माहीत आहेत. तेलकंपनी आल्यावर ते थांबतात. त्यांना थांबविले जाते असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. इब्न रशीद वाळवंटातील वस्त्यांतून मजूर गोळा करून आणतो आणि हर्रानला पोहोचताच त्यांचे उंट विकत घेतो. आता कंपनी पोसणार आहे, मग उंटाचा चारा-पाण्याचा खर्च कशाला, असा त्याचा युक्तिवाद असतो. मजूर कुरकुरतात, एकमेकांकडे पाहतात, आणि अखेर उंट देतात. या प्रसंगात कोणावर हात उगारला जात नाही, पैसेही मोजून दिले जातात. तरीही झाडे पाडण्याच्या प्रसंगापेक्षा हा प्रसंग अधिक भयंकर आहे. ज्याच्याजवळ उंट आहे तो नाराज झाला की रातोरात निघून जाऊ शकतो, आणि मितेबने तेच केले. उंट दिल्यावर परतीची वाट आपल्या हाती राहत नाही. भांडवली अर्थव्यवस्थेत श्रमिकाला त्याच्या साधनांपासून तोडले जाते, हे तत्त्व समाजशास्त्राच्या वर्गात पुष्कळदा सांगितले जाते. येथे ते लगाम हातातून सुटण्याच्या एका क्षणात वाचकासमोर येते, आणि लेखक एका शब्दानेही भाष्य करीत नाही.

यानंतरचे टप्पे याच दिशेने जातात. मजुरांना पत्र्याच्या बराकी मिळतात. त्या इतक्या तापतात की उघड्यावर निजणे बरे वाटावे. पुढे नोकरीसाठी मुलाखती सुरू होतात. नाव, जमात, नातेवाईक, धर्माचरण, खासगी आवडीनिवडी असे सर्व काही विचारले जाते आणि लिहून घेतले जाते. वाळवंटात पाहुण्याला त्याचे नाव-गाव लगेच विचारणे हा असभ्यपणा. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाला ही प्रश्नावली म्हणजे अंगावरचे वस्त्र उतरविण्यासारखी वाटते. कार्यालयातून बाहेर आलेला मजूर गोंधळलेला, अपमानित असतो, पण अपमान नेमका कोणत्या प्रश्नाने झाला हे त्याला सांगता येत नाही. मुनीफ यांनी वसाहतवादी ज्ञानव्यवहाराचे एवढे नेमके चित्र इतरत्र क्वचितच काढले आहे.

दोन हर्रान

गावाची जुनी घरे हटविली जातात आणि मजूर दोन वस्त्या बांधतात. एक अरब हर्रान, दुसरे अमेरिकन हर्रान. आजवर जे केवळ ‘हर्रान’ होते त्याला विशेषण लागते. आपल्याच गावाच्या नावामागे आपली ओळख लावून सांगावी लागणे, हा या कादंबरीतील विस्थापनाचा सर्वांत सूक्ष्म प्रकार आहे. कारण येथे माणूस त्याच जागी उभा असतो आणि त्याच्याभोवतीचे नाव बदलते. अमेरिकन वस्तीत पोहण्याचे तलाव आणि थंड खोल्या येतात, सभोवती तारेचे कुंपण पडते. दिवसभर तेथे राबणारे मजूर संध्याकाळी उतरून खाली आपल्या वस्तीत येतात.

हा केवळ कल्पनाविलास नाही. रॉबर्ट व्हिटालिस यांनी ‘अमेरिकाज किंगडम’ (२००७) या ग्रंथात धहरान येथील तेलवसाहतीत राष्ट्रीयत्वानुसार व वंशानुसार वेगळ्या छावण्या, वेगळे वेतन आणि वेगळ्या सुविधा कशा होत्या याचा कागदोपत्री पुरावा मांडला आहे. अमेरिकेतील खाणवस्त्यांमधून ही पद्धत वाळवंटात आली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मुनीफ यांनी व्हिटालिस यांच्यापूर्वी दोन दशके कादंबरीच्या भाषेत तेच सांगून ठेवले होते. इतिहासकाराला छावणी का बांधली हे सांगता आले. ती बांधणाऱ्या मजुरांना भिंती उभारताना काय वाटत होते, आणि आपण हे कोणासाठी व कशासाठी बांधतो आहोत याची त्यांना किती अंधुक कल्पना होती, हे मात्र कादंबरीतूनच कळते.

जहाजाचा प्रसंग या विभाजनाच्या मध्यभागी आहे. एके दिवशी किनाऱ्याला एक मोठे जहाज लागते. दिवे, संगीत, आणि डेकवर तोकड्या कपड्यांतील स्त्रिया. हर्रानचे लोक किनाऱ्यावर बसून रात्रभर पाहत राहतात. त्यांना मोह होतो, लाज वाटते, राग येतो, आणि या तिन्ही भावना एकमेकींत मिसळतात. पुढे हर्रानचे लोक कालगणना या दिवसापासून करू लागतात. एरवी पूर, दुष्काळ, टोळधाड किंवा लढाई यांवरून वर्ष ओळखणाऱ्या समाजाने आपल्या नव्या इतिहासाचा आरंभ एका दृश्याने करावा, यात मोठी विदारकता आहे. त्या रात्री गावाला कोणी काही केलेले नाही. गावाने फक्त पाहिले आणि आपण बाहेर उभे आहोत हे त्याला प्रथम कळले.

पाहणे हे या खंडाचे एक सलग आशयसूत्र आहे. अमेरिकन लोक छायाचित्रे घेतात, नोंदी करतात, मातीचे नमुने पाहतात. अमीर खालिद अल-मिशारी याला एक व्यापारी दुर्बीण देतो आणि राज्यकारभार सोडून तो समुद्रावरची जहाजे आणि अमेरिकन स्त्रिया पाहण्यात गढून जातो. नंतर रेडिओ येतो, शेवटी टेलिफोन. अनेक समीक्षकांनी या प्रकरणांना हास्यास्पद अर्कचित्र म्हणून बाजूला सारले आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. रेडिओभोवती जमलेल्या दरबाराचे वर्णन लांबते आणि विनोद शिळा होतो. परंतु दुर्बिणीच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. किनाऱ्यावर बसून जहाज पाहणारा मच्छीमार आणि वाड्याच्या गच्चीवरून तेच जहाज पाहणारा अमीर यांच्यात फरक फक्त भिंगाचा आहे. सत्ताधारीही येथे प्रेक्षकच आहे. त्याला जे दिसते त्यावर त्याचा अधिकार चालत नाही, आणि ज्यांच्यावर चालतो त्यांच्याकडे तो दुर्बीण वळवीत नाही.

नायक नसण्याचा प्रश्न

इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाल्यावर १९८८ मध्ये जॉन अपडाइक यांनी ‘द न्यूयॉर्कर’मध्ये या कादंबरीचे परीक्षण केले. लेखकावर पाश्चात्त्य संस्कार पुरेसे झालेले नाहीत, त्यामुळे ज्याला आपण कादंबरी म्हणतो तसे काही त्याच्या हातून घडलेले नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. एका व्यक्तीची नैतिक वाटचाल येथे नाही, कोणतेही पात्र आपली सहानुभूती खेचून घेण्याइतके उभे राहत नाही, शेकोटीभोवती कोणी गोष्ट सांगत बसावे तसा निवेदकाचा सूर आहे, अशी त्यांची तक्रार होती. हा अभिप्राय पुढे फार गाजला आणि बहुतेक अभ्यासकांनी तो पौर्वात्यवादी म्हणून फेटाळला. फेटाळणे सोपे आहे. त्यातील निरीक्षण मात्र बरोबर आहे, हे मान्य करून पुढे जाणे अधिक उपयुक्त ठरेल.

मितेब शंभरएक पानांत निघून जातो. इब्न रशीद कर्तबगार वाटू लागतो आणि मिझ्बान नावाच्या मजुराच्या बुडून झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात खचून मरतो. आर्मेनियन ट्रकचालक अकूब वाचकाला आवडू लागतो, तोही मरतो. डॉक्टर सुभी येतो आणि पुढील खंडाच्या दिशेने सरकू लागतो. एखाद्या पात्रावर वाचकाने जीव लावावा आणि कादंबरीने त्याला तेथून उठवावे, असे वारंवार होते. व्यक्तिकेंद्री कादंबरीच्या कसोटीवर हा दोष ठरेल. पण हर्रानमध्ये राहणाऱ्याचा अनुभव हाच आहे. तेथे कोणालाच आपली कथा पूर्ण करण्याइतका अवधी मिळत नाही.

निवेदनाचा घाटही याला अनुरूप आहे. निवेदक सर्वज्ञ आहे असे वाटते, पण महत्त्वाच्या प्रसंगी तो ‘काहींचे म्हणणे असे’, ‘इतर जण शपथेवर सांगतात की’ अशा रीतीने गावाच्या तोंडून बोलतो. मितेब मेला की जिवंत आहे, हे कादंबरी सांगत नाही. पुराच्या रात्री, आगीच्या वेळी, संपाच्या काळात तो कोणाला ना कोणाला दिसतो. प्रत्येकाला वेगळा दिसतो. अरबी कथनपरंपरेत एखादी वार्ता ती सांगणाऱ्यांच्या नावांसह, पाठभेदांसह नोंदविण्याची जुनी रीत आहे. मुनीफ यांनी नावे गाळली आणि पाठभेद ठेवले. त्यामुळे मितेब हे पात्र न राहता गावाने मिळून सांभाळलेली एक स्मृती बनतो. अपडाइक यांना ऐकू आलेली शेकोटी खरीच आहे. त्या शेकोटीभोवती बसलेल्यांचे घर तेव्हा पाडले जात होते, एवढेच त्यांच्या परीक्षणात आलेले नाही.

मराठी समीक्षेला हा प्रश्न एका वेगळ्या वाटेने परिचित आहे. प्रादेशिक कादंबरीत प्रदेश हाच नायक असतो, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा लिहिले गेले आहे की त्याचा अर्थ तपासण्याची गरज वाटेनाशी झाली. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मध्ये गारंबी जिवंत आहे हे खरे, पण ती बापूच्या बंडाने जिवंत होते. ‘झाडाझडती’तही गाव बुडते ते खैरमोडे गुरुजींच्या डोळ्यांसमोर. प्रदेशाला नायक म्हणताना मराठी कादंबरीने बहुधा एक माणूस त्याच्या पुढे उभा ठेवलेलाच आहे. मुनीफ यांनी तो माणूस काढून घेतला. प्रदेश खरोखर नायक झाला तर कादंबरी किती उघडी, किती अस्वस्थ आणि प्रसंगी किती कंटाळवाणी होऊ शकते, हे हर्रान दाखविते. होय, कंटाळवाणी सुद्धा. मधल्या दीडदोनशे पानांत दुकाने, सराया, व्यापाऱ्यांच्या चढाओढी यांचे तपशील एकावर एक रचत जातात आणि वाचकाचा संयम संपू लागतो. त्यातील काही प्रकरणे गाळली असती तर कादंबरीचे नुकसान झाले नसते.

पैसा आणि मुफद्दी

या पसाऱ्यात मुफद्दी अल-जद्दान हे पात्र मात्र स्पष्ट रेषेने उभे आहे. तो परंपरागत वैद्य. डाग देणे, वनस्पती, मलम हा त्याचा व्यवसाय, पण तो त्याचे पैसे घेत नाही. पैशाला हात लावणे त्याला नकोसे वाटते. डॉक्टर सुभी अल-महमलजी हर्रानला दवाखाना काढतो तेव्हा दोन उपचारपद्धतींचा संघर्ष उभा राहील असे वाटते. मुनीफ यांनी ती सोपी वाट टाळली आहे. डॉक्टरचे औषध खोटे आणि मुफद्दीचे खरे असे कोठेही सूचित होत नाही. भेद आहे तो रोग्याकडून काय घेतले जाते याचा. मुफद्दीला तुरुंगात टाकले जाते, सोडले जाते, पुन्हा टाकले जाते, आणि अखेर त्याचा खून होतो. रक्षकदलाचा प्रमुख जौहर याच्याकडे सर्व बोटे वळतात. गुन्हा शाबीत होत नाही. ज्या गावात प्रत्येक गोष्टीला किंमत लागू लागली आहे तेथे फुकट उपचार करणारा माणूस केवळ विक्षिप्त राहत नाही, तो व्यवस्थेला अडथळा होतो. पैसा हर्रानमध्ये किती खोल गेला हे कोणत्याही आकड्याविना येथे कळते, आणि तेलाच्या अर्थशास्त्रज्ञाने आकडे का टाळले याचेही उत्तर मिळते.

संप आणि त्यापलीकडचे

खंडाच्या अखेरीस नळमार्गाचे काम पुरे होते आणि कंपनी तेवीस कामगारांना काढून टाकते. हर्रान बंद पडते. संप, गोळीबार, जखमी कामगार. अमीराचे मन ढळते आणि तो गाव सोडून जातो. जाण्यापूर्वी काढलेल्यांना परत घेण्याचा हुकूम निघतो. मितेबचे आणि मुफद्दीचे नाव कामगारांच्या ओठांवर असते. वाचकाला हा विजय हवा असतो, आणि लेखकाने तो दिला.

इतिहासाने तो दिला नव्हता. सौदी तेलक्षेत्रात १९४५, १९५३ आणि १९५६ मध्ये कामगारांचे मोठे लढे झाले. १९५३ चा संप कामगार प्रतिनिधींच्या अटकेने पेटला आणि हजारो कामगार त्यात उतरले. काही सवलती मिळाल्या हेही खरे. परंतु १९५६ मध्ये राजाज्ञेने संपावरच बंदी आली. पुढे आखाती देशांतील श्रमबाजार अशा रीतीने घडत गेला की परक्या देशांतून मुदतीच्या करारावर आणलेला कामगार हाच त्याचा कणा झाला.

अमिताव घोष यांनी १९९२ मध्ये ‘द न्यू रिपब्लिक’मध्ये लिहिलेल्या परीक्षणात या ठिकाणी बोट ठेवले. ‘पेट्रोफिक्शन’ हा शब्द याच लेखातून रूढ झाला. तेलाचा अनुभव मुळातच अनेक भाषांचा, अनेक देशांचा, कोणत्याही एका स्थळात न मावणारा आहे. कादंबरी मात्र एका भाषेत आणि एका स्थळात सुखाने नांदते. म्हणून तेलाने मसाल्याच्या व्यापारासारखे साहित्य निर्माण केले नाही, असे त्यांचे म्हणणे. मुनीफ यांचा पहिला खंड त्यांनी मोकळेपणाने वाखाणला, पण हर्रानच्या कामगारांत परदेशी कामगार जवळजवळ नाहीत, हेही त्यांनी दाखवून दिले. घोष यांच्या स्वतःच्या ‘द सर्कल ऑफ रीझन’ (१९८६) मध्ये अल-घझिरा हे कल्पित आखाती बंदर आहे आणि तेथील चाळीत भारतीय स्थलांतरित राहतात. एका अर्थाने त्यांनी आपल्या आक्षेपाचे उत्तर आधीच लिहून ठेवले होते.

घोष यांच्या मांडणीत एक भर घालणे आवश्यक आहे. परदेशी कामगार नसणे ही उणीव तेलानंतरच्या काळापुरती नाही. हर्रान समुद्रकाठी असूनही या कादंबरीची कल्पनाशक्ती वाळवंटाची आहे. तिला उंट, विहिरी, तांडे, पाऊस यांची भाषा येते. समुद्र मुख्यतः काहीतरी आणून टाकणारा आहे, जहाज, यंत्रे, परके लोक. प्रत्यक्षात तो किनारा शतकानुशतके समुद्राने बाहेर जोडलेला होता. आखातातील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. भारतीय रुपया तेथे चलन म्हणून चाले, इतका की १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेला आखातासाठी वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या. जपानी कृत्रिम मोती आणि जागतिक मंदी यांनी १९३० च्या सुमारास हा व्यवसाय मोडीत काढला. तेलकंपन्या आल्या तेव्हा किनाऱ्यावरची माणसे मजुरीला का तयार झाली, याचे एक कारण तेथे आहे. मोत्यांच्या या व्यवहाराला हर्रानमध्ये फारसे स्थान मिळालेले नाही. ते मिळाले असते तर हर्रानचा ऱ्हास केवळ अमेरिकनांच्या आगमनाने झाला असे वाटले नसते, आणि इब्न रशीदला उंट विकणारा मजूर अधिक गुंतागुंतीचा झाला असता.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच म्हणावे लागते. वद्हाचे मौन प्रभावी आहे, परंतु ते मौनच राहते. जहाजावरच्या स्त्रियांना पाहणारे हर्रान पुरुषांचे आहे. त्या रात्री घरात बसलेल्या स्त्रियांना ते संगीत ऐकू आले असणार. त्यांच्या बाजूला निवेदक एकदाही जाऊन बसत नाही. सामूहिक नायकाची कल्पना जेवढी व्यापक वाटते तेवढी ती येथे नाही.

मुनीफ यांच्या बराकीत सर्व मजूर अरबी बोलतात. रात्री एकाने कुजबुजलेली गोष्ट सकाळपर्यंत सर्वांना कळते आणि म्हणून तेवीस जणांसाठी सारे गाव उभे राहू शकते. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून गेलेली माणसे पुढे याच किनाऱ्यावरच्या बराकींत राहिली. त्यांच्या शेजारच्या खाटांवर मलयाळम, उर्दू, बंगाली, तागालोग बोलणारे होते आणि प्रत्येकाच्या करारावर वेगळी तारीख होती. त्या खोलीत संपाची हाक कोणत्या भाषेत दिली गेली असती, हा प्रश्न हर्रानच्या कोणत्याही पानावर उद्भवत नाही.